मॉनिटर घ्यायचाय? खिशात टेप आणि पेनड्राइव्ह घालून निघा

तीनेक वर्षांपूर्वी माझ्या हातून एका लग्नपत्रिकेत 'वधू'चा उकार ऱ्हस्व गेला. प्रूफ मी स्क्रीनवर दोनदा वाचलं होतं. चूक माझीच, पण त्यात मॉनिटरचाही वाटा होता. मोठा दिसतो म्हणून हौसेनं घेतलेला २७ इंची, आणि रिझोल्यूशन, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्यांची संख्या, फुल एचडी. त्यावर ११ पॉइंटचे उकार म्हणजे अक्षराखाली पडलेले दोन-तीन ठिपके, ऱ्हस्व काय नि दीर्घ काय. पत्रिका पुन्हा छापून दिल्या, आणि पुढचा मॉनिटर घेताना मात्र आधी अक्षर बघायचं ठरवलं. घरकामाला, म्हणजे मुलांचा अभ्यास, ऑफिसची कामं, हिशेब, थोडे सिनेमे यासाठी घेणाऱ्यांनी या क्रमानं जावं.

आधी टेबल मोजा

इंच कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, म्हणजे तिरपे मोजतात. टेबलावर जागा अडते ती रुंदीनं. २४ इंची सुमारे ५३ सेंमी रुंद असतो, २७ इंची ६० आणि ३२ इंची ७१. पण रुंदीपेक्षा टेबलाची खोली महत्त्वाची. डोळ्यांपासून स्क्रीन साधारण हातभर लांब हवा, ५० ते ७५ सेंमी. आपल्याकडची बरीच टेबलं दीड फूट खोल. मागं स्टँडचा पाय, पुढं कीबोर्ड, की स्क्रीन नाकाशी येतो. अशा टेबलावर २४ इंचीच बरा. २७ घ्यायचा तर टेबल दोन फूट खोल हवं.

टेबल बदलायचं नसेल तर काठाला शिकंज्यासारखा आवळायचा आर्म मिळतो, त्यानं मॉनिटर भिंतीलगत सरकतो. त्यासाठी मॉनिटरच्या पाठीवर १०० बाय १०० (काहींना ७५ बाय ७५) मिलिमीटरवर चार भोकं हवीत. स्वस्तातल्या काही मॉडेलना ती नसतात, म्हणून बॉक्सवर 'वेसा' शब्द शोधा. टेबलावर काच टाकली असेल तर आर्मच्या फंदात पडू नका.

टेप हातात आहे तोवर खिडकी कुठं आहे तेही बघून ठेवा. ती पाठीशी आली तर स्क्रीनमध्ये गॅलरीतले वाळत घातलेले कपडे दिसतात, समोर आली तर डोळे दिपतात. खिडकी बाजूला यावी, आणि मॉनिटरचा पडदा मॅट घ्यावा, चकचकीत नको.

मग अक्षर बघा

इथं घाई करू नका. फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८० ठिपके, एकूण २० लाखांच्या वर. ते २४ इंचात बसवले तर इंचाला सुमारे ९२ येतात. तेवढेच ठिपके २७ इंचात पसरले की ८२. रोमन अक्षरं त्यावर खपून जातात. आपल्या लिपीत वर वेलांटी-मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षरांची दाटी. दहा ठिपक्यांचा फरक तिथं लगेच कळतो. २७ इंची घ्यायचाच तर २५६० बाय १४४० चा घ्या. दुकानात त्याला टूके किंवा क्यूएचडी म्हणतात, आणि त्यात इंचाला १०९ ठिपके पडतात. फोरके (३८४० बाय २१६०) मध्ये १६३. अक्षर छापील कागदासारखं दिसतं, पण फार बारीक होतं, म्हणून विंडोजमध्ये स्केल १५० टक्के ठेवावं लागतं.

माझं मत विचाराल तर २४ इंची फुल एचडी किंवा २७ इंची टूके. मराठीत दिवसभर काम असेल तर दुसराच.

"घरात ३२ इंची टीव्ही पडून आहे, तोच लावू का?" असं हमखास कुणीतरी विचारतं. त्या आकाराच्या बऱ्याच टीव्हींचं रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८ असतं, म्हणजे इंचाला ४९ ठिपके. क्रिकेटला झकास, एक्सेलला नाही.

दुकानात मात्र हे दिसत नाही, कारण तिथं प्रत्येक स्क्रीनवर समुद्र आणि रंगीत मासे पोहत असतात. म्हणून पेनड्राइव्ह. त्यात ११ पॉइंटचं एक पान न्या: वधु-वधू, हृदय, ऱ्हस्व, शृंगार, श्रद्धा, आणि 'द्ध'शेजारी 'ध्द'. सोबत तुमची नेहमीची एखादी एक्सेल शीट. पान शंभर टक्क्यांवर उघडा आणि खुर्ची मागून घ्या. उभ्यानं बघून कळत नाही.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दुकानात मी ही फाइल दिली तेव्हा मालक म्हणाले, "मासं बंद करून ह्यात काय बघायलाय?"

"उकार."

हसले. पण दोन मॉनिटर शेजारी लावून दिले, आणि मग स्वतःच चष्मा चढवून वाकले. "आयला, फरक हाय की ओ."

पॅनेल आणि स्टिकर

पॅनेल म्हणजे पडद्याची जात. त्यात आयपीएस घ्या. बाजूनं बघितलं तरी रंग बदलत नाहीत, शेजारी बसलेल्या मुलालाही तेच दिसतं. व्हीए पॅनेलचा काळा रंग जास्त गडद असतो, दिवा मालवून सिनेमे बघणाऱ्यांना तो आवडेल, पण काळ्या पानावर भरभर स्क्रोल केलं की अक्षरांमागं सावली ओढल्यासारखी दिसते. टीएन ही जुनी जात कुणी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा. ओलेड सुंदर, पण खालची टास्कबारची पट्टी वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली तर तिचा डाग उमटू शकतो. घरकामाला तो खर्च कशाला?

कॉन्ट्रास्टचा, म्हणजे पांढऱ्या-काळ्यातल्या फरकाचा, 'कोटीला एक' आकडा वाचू नका. खरा आकडा आयपीएसला हजारास एकच्या आसपास असतो, व्हीएला तीन हजारांच्या. 'एचडीआर'चा (उजळ आणि गडद भाग जास्त ठळक दाखवणाऱ्या चित्राचा) स्टिकर स्वस्त मॉनिटरवर असला तर इतकाच अर्थ घ्या की तो सिग्नल स्वीकारतो. ते दाखवायला लागणारा उजेड २५० निटच्या (निट हे उजेडाचं माप) पडद्यात नसतो. '१ मिलिसेकंद' हा ठिपक्याचा रंग बदलायला लागणारा वेळ, तो गेम खेळणाऱ्यांसाठी. १०० हर्ट्झ (सेकंदाला १०० वेळा चित्र बदलणं) मात्र त्याच पैशात मिळत असेल तर घ्या, ६० पेक्षा स्क्रोल करताना डोळ्याला सुख वाटतं.

तुमच्या लॅपटॉपला विचारा

माझ्या मावसभावानं फोरके मॉनिटर आणला आणि दुसऱ्या दिवशी फोन. "माऊस चिखलातनं चालल्यागत चालायलाय." मॉनिटर ठणठणीत होता. त्याच्या जुन्या लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट, म्हणजे मॉनिटरची वायर लागते ते भोक, १.४ पिढीतलं, आणि त्यातून फोरके चित्र सेकंदाला ३० वेळाच जातं. ६० साठी एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट लागतो. आपलं किती चाललंय ते विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथं दिसतं. त्यानं शेवटी मॉनिटर १४४० वर लावला, ते त्या पोर्टला जमतं, पण अक्षर किंचित धूसर झालं. एलसीडी पडदा स्वतःच्या मूळ रिझोल्यूशनवरच रेखीव दिसतो.

यूएसबी-सीचा मॉनिटर एका वायरीत चित्रही देतो आणि लॅपटॉप चार्जही करतो. टेबलावरची जाळी जाते. पण लॅपटॉपच्या प्रत्येक यूएसबी-सी भोकातून चित्र बाहेर पडत नाही. मॉडेल नंबर घालून आधी तपासा, आणि मॉनिटर किती वॉट देतो तेही विचारा. लॅपटॉपचा चार्जर ६५ वॉटचा असेल तर तिथंही तेवढे हवेत.

घेताना

दुकान की ऑनलाइन? फरक दोनशे-पाचशेचा असेल तर दुकान. विचारायचा प्रश्न एकच: बिघडला तर इथं कोल्हापुरात बघणार, की पुण्याला पाठवावा लागणार? वॉरंटी तीन वर्षांची असली तरी मॉनिटर पार्सलानं पाठवायचा म्हटलं की अंगावर काटा येतो. जीएसटीचं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. ३२ इंचावरचा घेत असाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, जुन्या किमतीचं पान कुणी दाखवलं तर लक्षात असू द्या. ऑनलाइन आला तर बॉक्स फोडतानाचा व्हिडिओ काढा, सलग, लेबलापासून.

नेताना बॉक्स उभाच राहू द्या. गाडीवर मागं बसणाऱ्यानं मांडीवर आडवा घेऊन वर कोपर टेकवलं, की पडद्याचं कामच झालं. रिक्षाचे पैसे वाचवू नका.

पहिल्या दिवशी

पूर्ण लाल, हिरवा, निळा, पांढरा आणि काळा असे पाच फोटो पूर्ण पडद्यावर लावून बघा. एखादा ठिपका वेगळ्याच रंगात हटून बसला असेल तर त्याच दिवशी कळवा, परत घेण्याची मुदत मोजकी असते. काळा फोटो बघताना खोलीतला दिवा घालवा. कोपऱ्यांतून थोडा उजेड झिरपणं आयपीएसमध्ये चालतं, ढगासारखा पांढरा पट्टा चालत नाही.

उंची अशी ठेवा की वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली येईल. स्टँड वर-खाली होत नसेल तर खाली जुन्या दिवाळी अंकांचा गठ्ठा चालतो, माझ्याकडं तोच आहे. मग ब्राइटनेस. कारखान्यातून तो भडक करून येतो. पडद्याशेजारी कोरा कागद धरा आणि पडदा कागदाइतका पांढरा वाटेपर्यंत कमी करत या. 'व्हिव्हिड' मोड असेल तर तोही काढून 'स्टँडर्ड' करा.

प्लग यूपीएसमध्ये घाला. २४ इंची मॉनिटर २०-२५ वॉटच्या आसपास ओढतो, त्याचा भार काही नाही. जुन्या घरात तीन पिनांच्या सॉकेटला खरंच अर्थिंग आहे का ते वायरमनकडून एकदा बघून घ्या. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर पन्हाळ्याच्या बाजूला आभाळ काळं झालं, वळीव उठला, की बटणावर विसंबू नका. प्लग भिंतीतून काढा, आणि राउटरकडून कॉम्प्युटरला आलेली वायरही. ती काढायची राहून जाते.