जैन पाहुण्यांसाठी स्वयंपाक: आधी वेळ विचारा

कडक जैन आहार पाळणारे पाहुणे जेवायला येणार असतील, तर पदार्थांआधी वेळ ठरवा. अनेक जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, आणि डिसेंबरात ठाण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे पानं साडेचार-पाचलाच वाढायला हवीत.

कांदा-लसणासोबत बटाटा, गाजर, मुळा, बीट, ओलं आलं ही सगळी कंदमुळंही वर्ज्य. सुंठ आणि हळद पूड बहुतेकांना चालते. बटाट्याच्या जागी कच्ची केळी घ्या. जांभळी नाक्याच्या बाजारात सहज मिळतात. सालीसकट उकडून मटार, सिमला मिरची, टोमॅटोबरोबर घोटली की भाजी छान दाट होते. पाव मात्र नको, त्यात यीस्ट असतं. गरम पोळ्या करा. आमटीला हिंग-जिऱ्याची फोडणी, गोडा मसाला, आमसूल आणि ओलं खोबरं पुरेसं आहे. विकतच्या मसाल्याच्या पाकिटावर लसूण नाही ना, तेवढं वाचा.

कच्चं दही आणि डाळ किंवा बेसन एकत्र चालत नाही. म्हणून दहीवडा टाळा. कढीसाठी ताक आधी गरम करून मगच बेसन लावतात. चतुर्दशीसारख्या तिथीला हिरव्या भाज्याही बंद असतात, तेव्हा आमंत्रण देतानाच सगळं मोकळेपणाने विचारा. त्यांना त्यात आनंदच वाटतो.