स्पोर्ट्स रिपोर्टर व्हायचंय? आधी गुणलेखकाशेजारी बसा

मी कराड भागातला. खाशाबा जाधवांचं गोळेश्वर आमच्यापासून सायकलच्या अंतरावर, त्यामुळे 1952, हेलसिंकी, ब्राँझ हे पाढ्यांसारखं पाठ. पण या लाईनमध्ये यायचं कारण माझा मोठा भाऊ. त्याच्या संघाने कबड्डीची स्पर्धा जिंकली, पेपरात दोन ओळी आल्या आणि त्यात त्याचं नावच चुकलेलं. आईने ते कात्रण तरीही जपून ठेवलंय. तेव्हाच ठरवलं, आपण नीट लिहायचं.

आणि कबड्डीच्या पहिल्याच मोठ्या फायनलला मीच तीच चूक केली. डेस्कला, म्हणजे पेपरच्या ऑफिसला, दहाच्या आत कॉपी (लिहिलेली बातमी) हवी होती, म्हणून सकाळी व्हॉट्सॲपवर आलेली खेळाडूंची यादी समोर ठेवून मॅच चालू असतानाच लिहीत बसलो. शेवटच्या मिनिटाला अव्वल पकड झाली, मॅच तिथेच फिरली. मी जर्सीचा नंबर बघून यादीतलं नाव टाकलं, पण ती जर्सी त्या दिवशी दुसऱ्याच पोराच्या अंगावर होती. दुसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांचा फोन. ओरडले नाहीत, एवढंच विचारलं, "आमच्या पोराचं नाव का नाही आलं ओ?" अजून तो आवाज कानात आहे.

म्हणून हे नीट समजून घ्या. कोर्टवर तीन किंवा कमी बचावपटू असताना पकड झाली तरच ती अव्वल पकड, एक जादा गुण मिळतो, म्हणजे त्या क्षणी आत कोण उरलंय हीच तुमची बातमी असते. बोर्डावर फक्त टोटल दिसते. मॅच संपली की गुणलेखकाकडे जा, गुणपत्रकाचा फोटो घ्या, मध्यंतराचा स्कोअर बघा, नंबर आणि नाव जुळवा, मग कॅप्टनकडून नावं तोंडी वदवून घ्या. पाच मिनिटं जातात, जाऊ द्या. डेस्कवाले चिडतील, चिडू द्या.

तीन महिन्यांच्या कोर्समध्ये हे कुणी शिकवत नाही, माझे पैसे तरी वाया गेले. मला खरं शिकवलं ते एका रिटायर्ड पीटीच्या सरांनी, गुणलेखनाच्या टेबलावर शेजारी बसवून.

इंग्रजी कच्चं असेल तर घाबरू नका, खरंच. खेळ कळतो ना, मग जमतं. पण लगेच नोकरी सोडू नका, मला कॉपीमागे मिळतात ते पैसे अजून पेट्रोललाच जातात. आणि नुसतं क्रिकेट धरून बसू नका. 2024 ला स्वप्नील कुसाळेने पॅरिसला रायफलमध्ये ब्राँझ जिंकलं तेव्हा राधानगरी तालुक्यातलं कांबळवाडी मी मॅपवर शोधत होतो, फार लाज वाटली. त्यानंतर शूटिंगच्या जिल्हा स्पर्धांनाही जायला लागलोय, तिथे बऱ्याचदा रिपोर्टर म्हणून मी एकटाच असतो.