छावणी रिकामी होण्याआधी झाडं मोजून घ्या
माझे वडील कुलाब्याच्या लष्करी वसाहतीत माळी होते, म्हणून कळकळीनं सांगते. लष्कर जागा सोडतं तेव्हा इमारतींची यादी होते, झाडांच्या रांगा मात्र राहून जातात. जुन्या छावणीचा परिसर जपायचा असेल, तर सुरुवात तिथूनच करा.

आधी लेखी परवानगी. तिच्याशिवाय एकही फोटो नको. मग जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर खोडाचा घेर मोजा. दोन झाडांमधलं अंतरही लिहा. सारख्या अंतराच्या रांगेत मोठी फट दिसली, तर तिथलं झाड बहुधा पडलेलं असतं. त्या जागी त्याच जातीचं रोप लावा, शोभेचं काही नको.

परेडचं मैदान मोकळंच राहू द्या. तिथे हौसेनं बाग केली की मैदान गेलंच!

जुन्या माळ्यांना, धोब्यांना गाठा. पावसाचं पाणी कुठून वाहायचं ते त्यांना ठाऊक असतं.

महाराष्ट्रातल्या शहरी भागांत २०२१ पासून ५० वर्षांवरच्या झाडांना कायद्यात वारसा वृक्ष म्हटलंय. झाडं राखण्यासाठी अर्ज कराल, त्यात ते ठळक लिहा. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोची प्रेसिडिओ ही छावणी लष्करानं १९९४ मध्ये सोडली, पण सैनिकांच्या काळात, १८८०च्या दशकात लावायला घेतलेलं तिथलं जंगल अजून जपलं जातंय. अर्जाला हा दाखला जरूर जोडा.