जुन्या वस्तऱ्याचं वय कसं काढायचं

नाशिकच्या रामकुंडावर पिढ्यान्‌पिढ्या क्षौर करणाऱ्या घरांतल्या धोकट्यांत, देवळालीच्या छावणीकडून आलेल्या जुन्या सामानात अजूनही इंग्लंडमधल्या शेफिल्डचे आणि जर्मनीतल्या झोलिंगेनचे वस्तरे निघतात. घरात ऐकलेलं ‘दीडशे वर्षांपूर्वीचा’ हे वय बाजूला ठेवा आणि वस्तऱ्यावरची सर्वांत उशिराची खूण शोधा. त्या खुणेच्या आधीचा तो असूच शकत नाही.

आधी सफाई, पण हलकी. पात्याला शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी सुती फडक्याने पुसा, सांदीतली घाण टूथपिकने काढा. पॉलिश पेपर अजिबात लावू नका. गंजाबरोबर पात्यावरची अक्षरं आणि सोनेरी मुलामाही निघून जातो. मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च आडवा धरून शिक्का वाचा. तो पात्याच्या मानेवर, म्हणजे मुठीचा खिळा आणि धार यांच्यामधल्या जाड भागावर असतो. दोन्ही बाजू बघा.

मुकुटाबरोबर ‘व्ही आर’ असेल तर राणी व्हिक्टोरियाचा काळ, १८३७ ते १९०१. ‘डब्ल्यू आर’ म्हणजे चौथा विल्यम, १८३० ते १८३७. ‘जी आर’ मात्र फसवं आहे: जॉर्ज राजे १८३० पर्यंत होते, तसेच १९१० ते १९५२ मध्येही होते. तिथे निर्णय पात्याच्या आकारावर सोडा.

देशाचं नाव ही फार उपयोगी खूण. अमेरिकेच्या १८९० च्या मॅकिन्ले कायद्यामुळे आयात मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं झालं, म्हणून नुसतं ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असेल तर बहुतेक वस्तरे १८९१ नंतरचे. ‘मेड इन’ साधारण पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रुळलं. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर १९४९ च्या आधीचा प्रश्नच नाही. उलटा तर्क मात्र करू नका. देशाचं नाव नाही म्हणून वस्तरा जुना, असं ठरत नाही. अमेरिकेला न जाणाऱ्या मालावर ते नसायचंही.

कारखान्याच्या चिन्हावर वय बेतणं ही सर्रास होणारी चूक. झोलिंगेनच्या हेंकेल्स कारखान्याचं जुळ्यांचं चिन्ह १७३१ चं, पण ते आजही वापरात आहे. पात्यावर छापलेलं साल बहुधा कारखान्याच्या स्थापनेचं असतं, त्या वस्तऱ्याचं नव्हे.

आता आकार. मानेच्या मागे बाहेर येणारं शेपूट अठराव्या शतकातल्या वस्तऱ्यांना जवळपास नसतंच. १८०० च्या आसपास ते आखूड दिसतं आणि पुढच्या दोन-तीन दशकांत लांब होतं. मग पातं समोरून, टोकाकडून बघा. पाठीपासून धारेपर्यंत सरळ निमुळतं, पाचरीसारखं असेल तर जुनी घडण. दोन्ही बाजूंनी खोल पोखरून कागदासारखं पातळ केलेलं असेल तर १८७०-८० नंतरची. रुंदीवर विसंबू नका. वर्षानुवर्षं दगडावर घासून पातं झिजतं आणि रुंद वस्तरा अरुंद दिसू लागतो.

‘कास्ट स्टील’ (ओतीव पोलाद) हा शब्द जुन्या शेफिल्ड मालावर सापडतो. ‘स्टेनलेस’ किंवा जर्मन ‘रोस्टफ्राय’ दिसलं तर वस्तरा १९१३ नंतरचा, कारण शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने ते पोलाद त्याच वर्षी बनवलं.

मूठ शेवटी तपासा, कारण ती बदललेली असू शकते. नवे चकचकीत खिळे, पात्याशी न जुळणारी लांबी, पातं मिटताना मुठीला घासणं ही बदलाची लक्षणं. शिंग आणि हाड जुन्या काळापासून आहे. सेल्युलॉइड, म्हणजे कापूर घालून केलेलं सुरुवातीचं प्लास्टिक, १८७० नंतरचं. अंगठ्याने मूठ जोरात चोळा. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड. काही लोक तापलेली सुई टोचून पाहतात, तसं कधीही करू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं.

हाती आलेलं उत्तर एका सालात नव्हे, टप्प्यात लिहा. समजा शिक्का ‘जर्मनी’चा, पातं खोल पोखरलेलं आणि सेल्युलॉइडची मूठ मूळचीच आहे, तर ‘१८९० ते १९३०’ हे प्रामाणिक उत्तर. मूठ हस्तिदंताची निघाली तर विकायचा विचार सोडा. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताच्या व्यापाराला बंदी आहे. आणि सेल्युलॉइडच्या मुठीचा वस्तरा पावसाळ्यात बंद डब्यात ठेवू नका. ती मूठ जुनी होऊन कुजू लागली की तिच्यातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफेने पातं आतल्या आत गंजतं.