हृदय कमजोर असताना वजनाची नोंद कशी ठेवावी

हृदयाची पंपिंगची क्षमता कमी झालेल्या रुग्णाचे वजन आहार न बदलता झपाट्याने वाढले, तर ती चरबी नसून बहुधा शरीरात साठलेले पाणी असते. म्हणून रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहा-नाश्त्यापूर्वी, त्याच काट्यावर आणि तशाच हलक्या कपड्यांत वजन करून ते कॅलेंडरवर तारखेसमोर लिहावे. काटा सतरंजीवर नव्हे, फरशीवर ठेवावा. 3 दिवसांत 2 किलोंहून अधिक वाढ दिसल्यास, धाप लागण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. लघवीच्या गोळीचा डोस मनाने वाढवू नये. घट मात्र फसवी असते: साठलेले पाणी स्नायूंची झीज झाकते, त्यामुळे काटा स्थिर असूनही दंड बारीक होत असतील, तर तेही सांगावे.