कोरीवकाम शिकायचंय? आधी पटाशीला धार लावा

ठाण्यात लाकडाच्या वखारीत गेलात तर नवी फळी मागू नका, कापून उरलेले तुकडे मागा. हात बसायला तेवढे पुरतात. सुरुवात शिवणीच्या लाकडावर करावी. ते मऊ असतं. सागात वाळूसारखे बारीक कण असतात, त्यामुळे पटाशीची धार लवकर जाते आणि नवशिक्याला वाटतं, आपलाच हात वाईट.

धार साधारण २५ ते ३० अंशांच्या उतारावर, पाणी लावलेल्या दगडावर काढा. मागची सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकलीच पाहिजे. कागद उभा धरून कापून बघा. फाटला तर पुन्हा दगड. कंटाळवाणं आहे, पण बोथट पटाशीला जोर लागतो, ती निसटते आणि हात कापतो. दोन्ही हात कायम धारेच्या मागे.

आता रेषा, म्हणजे लाकडाचे तंतू ज्या दिशेने जातात ती. पहिले आठ दिवस नक्षी नको, फक्त एक पान कोरा. पानाच्या कडेवर अर्ध्या वाटेत लाकडाचे तंतू उचकटायला लागतात, कारण वळणावर तुम्ही रेषेच्या उलट जाता. तिथे थांबा, दुसऱ्या टोकाकडून या. हे एकदा बोटांना कळलं की वेल, कमळ सगळं जमतं.

ड्रॉवर मे महिन्यात करत असाल तर घट्ट बसवू नका. आपल्याकडच्या जुलैत फळी रुंदीला फुगते (लांबीला जवळजवळ नाही), म्हणून वर दीड-दोन मिलिमीटर फट ठेवा. पटाशीलाही पावसाळ्यात मशीनच्या तेलाचा हात द्या, नाहीतर आठवड्यात गंज.