रिसर्च करताय ना, मग लोकांना सांगा की

पेपर छापून आला की लिंक टाकायची, सोबत ग्राफ, वर 'कळवण्यास आनंद होतोय', आणि लाईक कोणाचे तर लॅबमधल्याच चौघांचे. कुलाब्यापासून पवईपर्यंत हेच चालतं.

अहो, पेपर कधी आला याच्याशी लोकांना काय घेणंदेणं! त्यांना प्रश्न पडतो तेव्हा तुम्ही तिथे पाहिजे. पावसाळ्यात जुहूला ब्लू बॉटल नावाचे डसणारे जीव वाहून येतात आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर 'विषारी मासा' म्हणून फॉरवर्ड सुरू होतात. समुद्री जीवांवर काम करत असाल तर हाच तुमचा सीझन. सांगून टाका की हा मासा नाही, खरं तर जेलीफिशही नाही, एकत्र जोडलेल्या बारक्या जीवांची वसाहत आहे, तिला पोहता येत नाही, वरचा हवेचा फुगा शिडासारखा वारा धरतो आणि वारा नेईल तिकडे ती जाते, आणि वाळूत मेलेली दिसली तरी धागे डसतात म्हणून पोरांना हात लावू देऊ नका. झाली की पोस्ट! तुमचा स्वतःचा रिसर्च दुसऱ्या दिवशी टाका, आता वाचतील.

सगळीकडे अकाउंट उघडू नका, एकच नीट चालवा. पत्रकार आणि इतर शास्त्रज्ञ हवे असतील तर एक्स, तिथे फुकट खात्याला २८० अक्षरं मिळतात म्हणून एका पोस्टमध्ये एकच मुद्दा. कॉलेजची मुलं हवी असतील तर रील, पण सबटायटल टाकाच, लोकलमध्ये अर्धी जनता आवाज बंद ठेवून बघते. आणि निष्कर्ष आधी सांगा, 'प्रस्तावना' सेमिनारला ठेवा.

आता जिथे खरंच फसायला होतं ते. पेटंट घ्यायचं असेल तर अर्ज भरल्याशिवाय एक फोटोही टाकू नका, पोस्ट म्हणजे जाहीर करणंच झालं, नंतर पेटंट अडकू शकतं. सरकारी लॅबमध्ये असाल तर परवानगीचे नियम आधी विचारा. जर्नलमधली आकृती बरेचदा त्यांच्या कॉपीराइटमध्ये असते, स्वतः नवीन काढा. प्रीप्रिंट असेल, म्हणजे इतर तज्ज्ञांनी तपासण्याआधीच ऑनलाइन टाकलेला पेपर, तर 'अजून तपासलं गेलेलं नाही' हे ठळक लिहा. दुर्मिळ प्राणी सापडला तर लोकेशन अजिबात देऊ नका, दुसऱ्या दिवशी तिथे गर्दी.

कमेंटमध्ये भांडायला आलेल्याला सोडून द्या, पण एखाद्या काकूंनी खरंच विचारलं असेल तर उत्तर द्या, माहीत नसेल तर 'विचारून सांगतो' लिहा, आणि मग सांगा पण हां.